चालीवरून ओळखलेला स्फटिक



दुर्ग-भिलाईच्या या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी स्फटिक तयार होताना पाहिला आहे. तुम्ही त्याला स्फटिक म्हणत नाही, ब्लूम म्हणता, स्लॅब म्हणता. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून वितळलेल्याला घट्ट करणे हाच या गावाचा व्यवसाय आहे. कंटिन्युअस कास्टिंगच्या मोल्डपाशी ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांच्यापुढे मी या विषयात विद्यार्थीच आहे. पोलाद तांब्याच्या त्या अरुंद साच्यातून खाली उतरते, कडेने त्याचे कवच धरते, आणि साचा सतत वरखाली हलता ठेवावा लागतो. का? नाहीतर कवच साच्याला चिकटते, फाटते, आणि आतले पोलाद बाहेर धावते. ब्रेकआउट. हा शब्द ऐकून आत्ताही काहींच्या पोटात गोळा आला असेल.

घट्ट झालेली वस्तू अरुंद वाटेतून जाताना चिकटते, अडते, एकदम सुटते. आज मी हीच गोष्ट सांगायला उभा आहे. फरक एवढाच की तुमचे पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला गोठते, आणि माझा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या आतबाहेर गोठतो. तो लोखंडाचा नाही, तांब्याचा नाही, कुठल्याच मूलद्रव्याचा नाही. तो निव्वळ इलेक्ट्रॉनांचा आहे.

आणि त्याच्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. हा स्फटिक शास्त्रज्ञांनी आधी पाहिला आणि मग त्याचा अभ्यास केला, असे झाले नाही. तो आधी ओळखला गेला तो त्याच्या हालचालीवरून. अंधारात जिन्यावर पावले वाजली की घरातले कोण आले ते आपण ओळखतो ना, तसा. चालीवरून.

पहिला प्रश्न. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण शाळेत शिकलो. मग त्यांचा स्फटिक होईलच कसा? लोखंडाचे अणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून पोलाद बनते. इथे तर प्रत्येक जण प्रत्येकाला नकोसा आहे. पण जरा विचार करा. असे पुष्कळ कण एका अंगणात कोंडले, बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर ते काय करतील? प्रत्येक जण सगळ्या शेजाऱ्यांपासून जितके दूर राहता येईल तितके राहील. आणि सगळ्यांनीच तसे केले की जी मांडणी उरते ती आपल्या घरच्या बायकांना तोंडपाठ आहे. ठिपक्यांची रांगोळी. पहिल्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध दुसऱ्या ओळीचा ठिपका, त्याखाली पुन्हा तसेच. प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी, सहाही सारख्याच अंतरावर. धरून ठेवणारे कुणी नाही, तरी प्रत्येक जण जागच्या जागी.

१९३४ साली युजीन विग्नर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने हे गणिताने मांडले. त्याला पुढे १९६३ चे नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी. त्याचा मुद्दा असा की इलेक्ट्रॉन विरळ असले तर त्यांच्यातली ढकलाढकल त्यांच्या चळवळीवर मात करील आणि ते गोठतील. विरळ असले तर, हे लक्षात ठेवा. आपल्याला वाटते दाटीने वस्तू घट्ट होते. धातूत इलेक्ट्रॉन इतके दाट असतात की पुंजभौतिकीच्या नियमाने त्यांना स्वस्थ बसताच येत नाही. विरळ करा, थंड करा, आणि मग बघा.

सांगणे सोपे आहे. पण मांडायची कुठे ही रांगोळी? ज्या जमिनीवर मांडायची तीच खडबडीत असेल, तिच्यात मळ असेल, तर इलेक्ट्रॉन खाचखळग्यांत अडकतील आणि त्यांची स्वतःची मांडणी कधी कळणारच नाही. अंगण सारवलेले हवे. विग्नरनंतर चाळीसहून अधिक वर्षे गेली, ती मुख्यतः या अंगणाच्या शोधात.

ते अंगण म्हणजे द्रवरूप हेलियम. हेलियमचे नाव घेतले की मराठी माणसाने विजयदुर्गाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, म्हणून दुर्गातून क्षणभर विजयदुर्गाला जाऊन येऊ. तिथे किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, इथूनच लॉकियर साहेबाने ग्रहणाच्या दिवशी हेलियम शोधले असे सांगतात, आणि १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा करतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झाले हे खरे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून होता. नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा पाहिली आणि ती नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, ठरवली. मग साहेब विजयदुर्गाला आलाच नाही का? आला, आणि चांगली तयारी करून आला. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि विजयदुर्गाच्या निरीक्षणांवर त्याचा प्रबंधही छापलेला आहे. मला हे खरे वर्ष सांगणे अगत्याचे वाटते. आपल्या किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही, उलट त्याला कागदाचा आधार मिळतो.

तर हे हेलियम. भिलाईच्या लोकांना थंडीचे आकडे सांगायला संकोच वाटत नाही, कारण इथल्या ऑक्सिजन प्लांटमध्ये हवा द्रवरूप होते. कोविडच्या काळात, २०२१ च्या त्या भयंकर एप्रिलमध्ये इथून निघालेल्या टँकरांनी कुणाकुणाचा श्वास चालू ठेवला, हे या सभागृहात मी सांगायला नको. तो ऑक्सिजन उकळतो उणे १८३ अंशांना, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर ९० अंश, ९० केल्विन. नायट्रोजन ७७ ला. हेलियम थेट ४.२ ला. १९०८ च्या जुलैत लायडनमध्ये कामर्लिंग ओन्सने ते पहिल्यांदा द्रवरूप केले. आणखी थंड करत २.१७ केल्विनच्या खाली नेले की ते अतिप्रवाही होते, भांड्याच्या कडेवरून पातळ थराने चढून पलीकडे उतरते. आणि नेहमीच्या दाबाला ते गोठत नाही. कितीही थंड करा, द्रवच राहते.

याहून सारवलेले अंगण कुठे मिळेल? त्या थंडीला बाकीचे सगळे पदार्थ गोठून भिंतींना चिकटलेले असतात, त्यामुळे हेलियमच्या पृष्ठभागावर मळ म्हणून नसतोच. इलेक्ट्रॉन वरून सोडला तर तो आत बुडत नाही, हेलियमचे अणू त्याला आत घेत नाहीत. पण तो उडूनही जात नाही, कारण त्याच्याच विद्युतभारामुळे हेलियमकडे एक हलकीशी ओढ तयार होते. दोन्हींच्या मध्ये, पृष्ठभागापासून सुमारे १० नॅनोमीटर उंचीवर, तो तरंगत राहतो. वर नाही, खाली नाही, पण आडवा हवा तिकडे मोकळा.

१९७९ साली बेल प्रयोगशाळेत ग्राइम्स आणि अॅडम्स या दोघांनी हे इलेक्ट्रॉन हेलियमवर पसरले. एका चौरस सेंटिमीटरवर ४४ कोटी. ऐकायला भरमसाट वाटते, पण हिशेब केला तर दोन शेजाऱ्यांत अर्ध्या मायक्रोमीटरचे अंतर पडते, लोखंडातल्या दोन अणूंमधल्या अंतराच्या सुमारे दोन हजार पट. त्यांनी इलेक्ट्रॉनांना रेडिओलहरींनी हलवत तापमान उतरवत नेले. ०.४५७ केल्विनपर्यंत विशेष काही नाही. त्याच्या खाली एकदम नवे सूर ऐकू येऊ लागले, ठरावीक वारंवारतांना इलेक्ट्रॉन प्रतिसाद देऊ लागले. ते सूर कशाचे? इलेक्ट्रॉन रांगोळीसारखे बसले असतील आणि सगळे मिळून हेलियमच्या पृष्ठभागाला डोलवत असतील, तरच निघणारे. त्याच वर्षी फिशर, हॅल्पेरिन आणि प्लाट्झमन यांनी गणित जुळवून दाखवले. एकही ठिपका कुणी पाहिला नव्हता. तरी शंका उरली नाही.

थोडे थांबू. आतापर्यंत आपण एवढेच केले की नावडीतून मांडणी घडते हे पाहिले, आणि ती मांडायला निर्मळ जागा शोधली. आता तिला चालवायचे आहे. माझे सगळे प्रेम या पुढच्या भागावर आहे, म्हणून इथे मी वेळ घेणार आहे.

कापसाच्या गादीवर माणूस बसला की खळगा पडतो. इलेक्ट्रॉन हेलियमवर बसला की तिथेही खळगा पडतो, एका अणूच्या जाडीहूनही कितीतरी उथळ. एकटा इलेक्ट्रॉन भिरभिरत असेल तर खळगा टिकत नाही. पण स्फटिकातला इलेक्ट्रॉन जागेवर बसून असतो, म्हणून त्याच्याखालचा खळगाही बसून राहतो. म्हणजे वर इलेक्ट्रॉनांची रांगोळी, आणि तिच्या बरोब्बर खाली खळग्यांची रांगोळी. इलेक्ट्रॉनाचे वजन नगण्य. खळग्याबरोबर सरकणाऱ्या हेलियमचे वजन त्याच्या शेकडो पट. आता स्फटिकाला बाजूने ओढा. काय हलेल?

दोन्ही हलतील. इलेक्ट्रॉन आपला खळगा बरोबर घेऊन चालतो. आपल्या भाषेत चाकोरी हा किती नेमका शब्द आहे, गाडीच्या चाकाने स्वतःच पाडलेली आणि मग त्याच चाकाला सोडवेना अशी वाट. इथे चाकोरी गाडीबरोबर पुढे सरकते, एवढाच फरक.

वेग वाढवा. हेलियमच्या पृष्ठभागावर इवल्या लहरी उठतात, पाण्यावर वाऱ्याने उठतात तशा. त्यांना रिपलॉन म्हणतात. स्फटिकातला प्रत्येक इलेक्ट्रॉन चालताना लहर उठवतो. एरवी या सगळ्यांच्या लहरी एकमेकींना छेदत विरून जातात. पण स्फटिकाचा वेग एका ठरावीक आकड्याला पोचला की मजल-दरमजल चालणाऱ्या या पलटणीची पावले आणि लहरींची लांबी जुळते. मागच्याची लहर नेमकी पुढच्याच्या पायाशी येते. झोपाळ्याला तालात झोके दिले की तो चढतच जातो, तशा लहरी एकमेकींत मिळून चढत जातात. खळगे खोल होतात, आणि रोध एकदम वाढतो. मग ओढ दुप्पट केली तरी वेग वाढत नाही. स्फटिक जणू अदृश्य भिंतीला टेकून चालत राहतो.

किती असेल तो वेग? ग्राइम्स आणि अॅडम्स यांच्या दाटीसाठी गणित करून पाहिले तर सेकंदाला सुमारे ६ मीटर येतो. ताशी २१-२२ किलोमीटर. सिव्हिक सेंटरकडून घाईने घरी निघालेल्या सायकलस्वाराचा वेग. इलेक्ट्रॉनांच्या जगात इतका ओळखीचा आकडा मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही, आणि तो पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी हिशेब तीनदा तपासला होता.

आणि ओढ आणखी वाढवली तर? मग ते होते जे चिखलात रुतलेल्या बैलगाडीचे होते. बैल ओढतात, गाडी जागची हलत नाही, जू करकरते, आणि एका क्षणी चाक चिखलातून उपटून निघते. स्फटिक आपल्या खळग्यांतून बाहेर उसळतो. ओझे मागे राहिले, तो हलका झाला, वेग एका झटक्यात वाढला. १९९५ साली जपानमध्ये शिराहामा आणि कोनो यांनी ही उसळी मोजली. मर्यादेला टेकलेल्या त्या वेगाचे कारण डायकमन आणि रुबो यांनी १९९७ साली उलगडले.

सुरुवातीला मी अरुंद वाटेबद्दल बोललो. हे इलेक्ट्रॉन अशा वाटेतून, अरुंद पाटातून, चालवायची गरज काय पडली? सुरुवातीचे बरेच प्रयोग गोल तबकडीवर झाले. तबकडीत प्रवाह मध्यातून कडेकडे जातो, म्हणून आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग वेगळा, बाहेरच्यांचा वेगळा. कुणी सुटला, कुणी अडकलेला, अशी सगळी सरमिसळ. सरळ पाटात सगळ्यांवर सारखीच ओढ. तेव्हा प्रयोग करणाऱ्यांनी काही मायक्रोमीटर रुंदीचे पाट कोरले. त्यांत हेलियम ओतावे लागत नाही. खाली साठा ठेवला की समईच्या वातीत तेल चढावे तसे ते आपणच पाटात चढते. इलेक्ट्रॉन येतात एका तारेतून, ती क्षणभर तापवली की तिच्यातून उडतात. पाटाच्या तळाशी धातूचे पत्रे असतात. एका पत्र्यावर विद्युतदाब हलवला की वरचे इलेक्ट्रॉन सरकतात आणि दुसऱ्या पत्र्यावर त्याची चाहूल लागते. इलेक्ट्रॉनांना कुणीही स्पर्श करत नाही. पुन्हा तेच, फक्त पावलांचा आवाज.

या पाटांत दोन गोष्टी दिसल्या. पहिली मी तुम्हाला टेबलावर दाखवतो. ही काच आहे, या दोन पोलादी पट्ट्या, आणि मध्ये सायकलचे छर्रे. पुढच्या रांगेतली मुले जवळ आली तरी चालेल. पट्ट्यांमध्ये नेमकी तीन रांगांची जागा ठेवली आणि काच हलकेच टिचकावली, की बघा, छर्रे कसे मुकाट्याने ओळीत बसले. आता एक पट्टी किंचित मागे घेतो, छर्र्याच्या अर्ध्या जाडीइतकी. चौथी रांग मावत नाही, तीन रांगा सैल पडतात. बघा काय गोंधळ झाला. कुठे तीन, कुठे चार, मध्ये भगदाडे. आणखी थोडी मागे. चार रांगा. पुन्हा शिस्त. उंबऱ्यावरच्या पट्टीत रांगोळी घालताना हेच होते, ओळी मोजून बसल्या तर बसल्या, नाहीतर सगळी पट्टी पुसून पुन्हा. छर्रे एकमेकांना टेकतात आणि इलेक्ट्रॉन कधीच टेकत नाहीत, हा मोठा फरक विसरू नका. पण रांगांचा हिशेब तोच आहे. पाटाची रुंदी बाजूच्या पत्र्यांवरच्या दाबाने बदलता येते, आणि ती बदलत नेली की स्फटिक गोठतो, रांगांच्या अदलाबदलीला वितळतो, नवी रांग पुरी बसली की पुन्हा गोठतो. तापमान तेच! वितळायला उष्णता लागते असे भिलाईने जगाला सांगावे. इथे अर्ध्या रांगेने वितळते. २०१२ साली रीस, तोत्सुजी आणि कोनो यांनी पाटात आणखी अरुंद खिंड केली, तर खिंडीतून जाणारा प्रवाहही रांगांच्या हिशेबाने कमीजास्त होत राहिला.

दुसरी गोष्ट २०१६ ची. रीस, बेयसेंगुलोव्ह, लिन आणि कोनो. आधीची बहुतेक मापने सरासरीची होती, आणि सरासरीत धक्के पुसले जातात. यांनी क्षणाक्षणाचा प्रवाह नोंदवला. ओढ हळूहळू वाढवत नेली. स्फटिक खळग्यांतून उसळला, पुढे गेला, वेग मंदावला, नवे खळगे पडले, पुन्हा रुतला. पुन्हा ओढ, पुन्हा उसळी. प्रवाहाच्या आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी नियमित ओळ. दाराची गंजलेली बिजागरी कुरकुरते ती याच कारणाने, सारंगीच्या तारेवर गज फिरतो तो याच कारणाने, आणि जमिनीखालचे खडक सरकतात तेही याच कारणाने. पण खडकांत कुठला कोपरा कुठे अडला हे कुणाला सांगता येत नाही. इथे जमीन निर्मळ, गाडी निर्मळ, चिखल गाडीनेच केलेला. अडकणे आणि सुटणे इतके उघडे, दुसरे काहीही मध्ये न येता, कुठे बघायला मिळणार? या पाटांचे मोल मला यासाठी वाटते. या तरंगत्या इलेक्ट्रॉनांपासून पुंजसंगणक करावा असे प्लाट्झमन आणि डायकमन यांनी १९९९ साली सुचवले, आणि त्यावर काम चालू आहे. ते साधले तर आनंद आहे, पण न साधले तरी हे ज्ञान कमी होत नाही.

शेवटचा पाट सर्वांत अरुंद आहे. इतका अरुंद की त्यात एकच रांग मावते. कार्बनची नळी, जाडी एखाददुसरा नॅनोमीटर. २००८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विक्रम देशपांडे आणि मार्क बोकराथ यांचा प्रबंध आला, नळीतल्या एकाच रांगेच्या विग्नर स्फटिकाबद्दल. ते आडनाव वाचले आणि मराठी माणूस म्हणून मी सुखावलो, ते लपवत नाही. त्यांनी नळीत होल सोडले, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याच्या रिकाम्या जागा, ज्या धनभारित कणासारख्या वागतात. तेही एकमेकांना ढकलतात. एकेक कण आत घ्यायचा, दर वेळी किती ऊर्जा लागली ते मोजायचे, चुंबकीय क्षेत्र बदलून पुन्हा मोजायचे. विरळ असताना ते कण एकमेकांपासून इतके लांब बसलेले निघाले की शेजाऱ्याच्या स्पिनचे, म्हणजे त्याच्या अंगच्या इवल्या चुंबकपणाचे, त्यांना जवळजवळ काहीच वाटत नव्हते. द्रवात असे होत नाही. इथेही डोळ्यांनी कुणी काही पाहिले नाही. एकामागून एक आत येणाऱ्यांच्या पावलांवरून रांग ओळखली.

अशाच नळीतल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा २०१९ मध्ये वाइझमन संस्थेत शहल इलानी यांच्या गटाने काढला. दुसऱ्या एका नळीतला एकुलता विद्युतभार दुरून फिरवत, रांगेला धक्का न लावता. २०२४ साली प्रिन्स्टनमधून ग्राफीनच्या दुहेरी थरावरल्या इलेक्ट्रॉनांचे चित्र आले, आणि त्यात ठिपके अगदी रांगोळीसारखे बसलेले दिसले. विग्नरने गणित मांडले त्याला नव्वद वर्षे झाली होती.

पण ते स्थिर चित्र आहे. धावणारा स्फटिक खळग्यांतून उसळतो त्या क्षणी रांगा कशा दिसतात, हे मला त्या चित्रातून कळत नाही, आणि तेच मला पाहायचे आहे. कुटेलाभाठ्याच्या आयआयटीत शिकणारी काही मुले आज इथे आली आहेत. काच, पट्ट्या आणि छर्रे मी टेबलावरून उचललेले नाहीत. साडेतीन रांगांवर पट्टी ठेवा, काच हळूहळू तिरकी करत न्या, आणि पहिला छर्रा कुठून सुटतो ते बघा.